पतसंस्थेत नव्याने लागलात तर

लिपिक म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांना विचारून पिग्मी एजंटबरोबर, म्हणजे रोजची छोटी ठेव दारोदार फिरून गोळा करणाऱ्या माणसाबरोबर, एक दिवस बाजारपेठ फिरून या. मी हे चार महिने उशिरा केलं. भाजीवाल्या मावशींनी पोत्याखालून पन्नासाची घडी पडलेली नोट काढली, पावतीवरचा आकडा बोट ठेवून वाचला आणि मगच त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तोवर खातं म्हणजे माझ्या लेखी स्क्रीनवरचा आकडा होता.

आपल्या संस्था अशाच पैशांवर वाढल्या. पिग्मीची पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या डॉ. टी. एम. ए. पै यांच्या बँकेने सुरू केली, रोजचे दोन आणे. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यात अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली. तेव्हा सहकाराचा कायदासुद्धा नव्हता, तो आला १९०४ ला. ओळखीपाळखीच्या माणसांनी पैसे एकत्र करायचे आणि अडलेल्याला द्यायचे, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते.

आपलं काम चालतं महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यावर. थकलेलं कर्ज वसूल करण्यासाठी मिळणाऱ्या वसुली दाखल्याचं कलम १०१ आणि लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा घालणारं कलम ६७ आधी वाचा. जी.डी.सी. अँड ए. ही सहकार आणि हिशेबाच्या सरकारी पदविकेची परीक्षाही नोकरीत असतानाच द्या, कारण त्यातली कलमं रोज टेबलावर येतात.

एका शनिवारी माझी रोख जुळेना. साडेचारशे कमी. सगळे थांबले. जुने कॅशियर म्हणाले, "फरकाला नऊने भाग जातो का बघ." गेला, पन्नास आले. मग पन्नासाचीच स्लिप शोधली. तिची नोंद मी पाचशे अशी केली होती. शून्य वाढलं किंवा आकडे उलटे पडले की फरक नऊच्या पटीत येतो, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं.

आणखी एक. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचं, ५ लाखांपर्यंत विमा संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. मावशींची ती नोट आपण दिलेल्या कर्जाच्या वसुलीवरच सुरक्षित राहते. म्हणून कर्जदाराने घरून सही करून आणलेला जामीनदाराचा कागद मी घेत नाही. जामीनदाराला समोर बसवतो, रक्कम आणि हप्ता वाचून दाखवतो, मग पेन देतो.