एआयला घरच्यांच्या तब्येतीचं विचारताय? या चुका टाळा

खानापूरच्या आतल्या गावातनं बस पकडून बेळगावला यायचं, ओपीडीत नंबर लावायचा आणि आत गेल्यावर डॉक्टर दोन मिनिटांत मोकळे. त्यापुढे फोनमधला एआय रात्री अकरालाही न वैतागता उत्तर देतो. लोक त्याच्याकडे वळले यात नवल काही नाही. घोटाळा होतो तो विचारण्यात.

औषधाची ताकद न सांगणं

सगळ्यात घातक चूक हीच. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुतेक ४० युनिटच्या असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. परदेशात १०० युनिटची चलती आहे, आणि एआयचं बरंचसं वाचन तिकडचं. तुम्ही नुसतं ‘आईला २० युनिट कसं भरू’ विचारलंत, तर तो १०० च्या हिशोबाने सांगू शकतो. सिरिंजही दोन प्रकारच्या: लाल टोपणाची ४० ची, केशरी टोपणाची १०० ची. १०० ची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज अशी जोडी झाली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेलं औषध प्रत्यक्षात ५० युनिट होतं. घरची नर्स किंवा मेडिकलवाला कुपी हातात घेऊन बघतो. एआयसमोर कुपी नसतेच. आकडा लिहा, कुपीचा फोटो टाका, आणि तरीही डोस डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच द्या.

पोरांच्या तापाच्या सिरपचं तेच. पॅरासिटामॉल ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचंही मिळतं आणि २५० चंही. हिशोब एका वेळेला दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅमचा. दहा किलोच्या बाळाला ५ मिलीचा एक चमचा पहिल्या बाटलीतला चालेल, दुसऱ्यातला जास्त होईल. सर्दीच्या सिरपमध्येही बऱ्याचदा पॅरासिटामॉल असतंच, तेव्हा दोन्ही बाटल्यांची लेबलं वाचा.

सगळं घर एकाच चॅटमध्ये

सकाळी आजीची शुगर, दुपारी नातवाचा खोकला, रात्री स्वतःची ॲसिडिटी, सगळं एकाखाली एक. मग आजीची शुगर नातवाच्या उत्तरात डोकावते. माणशी वेगळी चॅट उघडा. वय, वजन, चालू गोळ्या आणि ॲलर्जी आधी लिहा. फॅमिली डॉक्टरला हे तोंडपाठ असतं, म्हणून तो विचारत नाही. एआयनं विचारलं नाही, तरी त्याला यातलं काही माहीत नसतं.

तपासणीचं काम शब्दांवर टाकणं

पोटाच्या उजव्या बाजूला खाली दाबून सोडल्यावर कळ येते का, हे हात लावूनच कळतं. अपेंडिक्सचा संशय असाच घेतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, इथे टाईप करत बसू नका, थेट १०८.

भातशेतीच्या भागात सापाचंही तसंच. मण्यार चावली तर कधीकधी दुखत नाही, सूज नाही, खूणही नीट दिसत नाही. ‘मग बिनविषारी असेल का’ असं एआयला विचारण्यात जो अर्धा तास जातो, तोच महागात पडतो. आवळून बांधू नका, चिरू नका, चावलेला हात किंवा पाय हलू न देता मोठ्या दवाखान्यात न्या.

डॉक्टरांपासून लपवणं

एआयच्या सांगण्यावरून बीपीची गोळी बंद केली असेल तर सांगून टाका. ओरडतील, बास. तुम्ही न सांगितल्यामुळे डॉक्टरांनी नवीन गोळी वाढवली तर पंचाईत मोठी.

एआय खरा उपयोगी पडतो तो दवाखान्यातनं आल्यावर. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, बोर्ड कन्नडमध्ये, आणि घरात वाचणारे मराठी. कार्डावरचं नाव-पत्ता झाकून फोटो टाका, सकाळ-दुपार-रात्र असा मराठी तक्ता करून घ्या, आणि तो मेडिकलमध्ये चिठ्ठीशी ताडून बघा. पुढच्या वेळी विचारायचे प्रश्नही त्याच्याकडनंच लिहून घेता येतात.

आणि फोनवरच माणूस हवा असेल तर सरकारची ई-संजीवनी आहे. तिथे समोर खरा डॉक्टर असतो, चिठ्ठीही मिळते.