पानावरचा काळा डाग मेलिओलाचा आहे का? ओळखताना या चुका टाळा

पानावर काळं काही दिसलं की 'काजळी' म्हणून मोकळं व्हायची सवय बहुतेकांना असते. मेलिओला या बुरशीच्या बाबतीत पहिली चूक तिथेच होते.

काजळी धरते ती मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण यांनी सोडलेल्या गोड चिकट्यावर. त्या बुरशा पानातून काही घेत नाहीत. ओल्या फडक्याने पुसा, बराचसा थर निघून येतो आणि खालचं पान हिरवं असतं. मेलिओला पक्की परजीवी आहे. ती पानाच्या पेशींत शोषकांगं रोवते, त्यामुळे पुसून जात नाही. तिचे डाग सुटेसुटे, साधारण गोल आणि मखमलीसारखे असतात, शिवाय त्यांना किडीची गरज नसते. म्हणूनच कीड आवरली की काजळी थांबते, मेलिओला थांबत नाही. वर्गीकरणातही दोघींची घरं लांब आहेत. काजळीतली ठळक प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) कॅप्नोडियम ही डोथिडिओमायसीटीस वर्गात येते, तर मेलिओला सॉर्डेरिओमायसीटीस वर्गातल्या मेलिओलेलीज गणात, मेलिओलेसी कुळात.

दुसरी चूक प्रयोगशाळेतली. डागाचा तुकडा अगारवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या थरावर ठेवायचा, चार दिवसांनी काहीतरी उगवतं, आणि तीच मेलिओला असं धरून चालायचं. मेलिओला जिवंत पानाशिवाय वाढत नाही. बशीत उगवलेली बुरशी दुसरीच कुणीतरी असते. याचाच भाऊ शोभेल असा घोळ सूक्ष्मदर्शकाखाली होतो. मेलिओलाला कोनिडिया, म्हणजे अलैंगिक बीजाणू, नसतात, पण तिच्या डागांवर स्पायरोपीससारख्या बुरशा वाढतात आणि त्यांचे कोनिडिया तिच्या खाती जमा होतात. असे बीजाणू दिसले तर ते ज्या तंतूवर बसलेत तो तंतू मागे मागे तपासत जा.

आता मुख्य अडचण, म्हणजे प्रजातीची ओळख. बुरशीशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी 1825 मध्ये मेलिओला हे नाव दिलं. पुढे तिच्या भोवती इतक्या सारख्या दिसणाऱ्या प्रजाती जमल्या की नुसत्या रंगावर निभाव लागेना. निकाल लावतात ते ताठ, काळे केस, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते कुठून उगवलेत ते. केस बुरशीच्या तंतूंवर असतील तर मेलिओला. गोल फळावर, म्हणजे पेरिथेशियमवरच असतील तर आयरेनॉप्सिस. फळावर अळीसारखे लोंबते अवयव असतील तर अपेंडिक्युलेला. यातलं काहीच नसेल तर अ‍ॅस्टेरिडिएला. गंमत अशी की मेलिओलाचे केस बहुधा फळाभोवतीच दाटीने उभे असतात, त्यामुळे वरून पाहताना ते फळातूनच निघाल्यासारखे भासतात. मुळाशी फोकस नेल्याशिवाय निर्णय देऊ नका.

अ‍ॅस्टेरिना हाही नेहमीचा चकवा. तिची फळं ढालीसारखी चपटी असतात आणि चांदणीसारखी फाटतात. बीजाणू दोन पेशींचे. मेलिओलाचे बीजाणू तपकिरी, बहुधा चार पडद्यांचे, म्हणजे पाच पेशींचे. तंतूंवर दोन पेशींची, डोकं आणि देठ असलेली हायफोपोडिया, म्हणजे पानाला धरून ठेवणारे छोटे फुगवटे, असतात. त्याच तंतूंवरच्या बाटलीच्या आकाराच्या पेशी मात्र त्यांत धरू नका, वेगळ्या मोजा. बीजाणूंच्या पिशव्या लवकर विरघळतात, तेव्हा पिकलेल्या नमुन्यात त्या सापडल्या नाहीत म्हणून नमुना टाकून देऊ नका.

हे सगळं दिसायला स्लाइड धड हवी. ब्लेडने खरवडलं की तंतू तुटतात, आणि केस कुठे होते हेच कळत नाही. माझ्या मते यातल्या निम्म्या चुका ब्लेडच्याच असतात. डागावर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या आणि पापुद्रा अलगद उचला. अख्खी वसाहत जागच्या जागी येते. ओलं असताना ओढलं तर मात्र लगदा हाती येतो.

बुरशीशास्त्रज्ञ बीली यांनी 1920 मध्ये आकड्यांचं एक सूत्र मांडलं. त्यात पडदे, केस, मापं अशी लक्षणं अंकांत लिहितात. ते सोयीचं आहे, पण निरनिराळ्या झाडांवरच्या दोन जातींचं सूत्र एकच येऊ शकतं. मेलिओलाच्या जाती ठरवताना यजमान झाडाला फार वजन असतं. नुसतं पान खुडून आणलं आणि झाड चुकीचं ओळखलं, तर पुढची सगळी मोजमापं चुकीच्या नावाखाली जातात. पानाबरोबर फूल किंवा फळ असलेली फांदीही घ्या, आणि दोन्हीवर एकच क्रमांक तिथल्या तिथे लिहा.