डास-माश्यांचा बंदोबस्त करायचा तर फवारणी सगळ्यात शेवटी

संध्याकाळ झाली की दारं-खिडक्या लावायच्या, कॉइल पेटवायची, तरी रात्री कानाशी गुणगुण चालूच, मग कुणीतरी म्हणतं फवारणी करून घ्या, ती होते, दोन दिवस बरं वाटतं आणि परत जैसे थे. मीपण बरेच दिवस हेच करत होतो. एकदा फ्रिज पुढे ओढला तर मागच्या पाण्याच्या ट्रेमधे अळ्या वळवळताना दिसल्या. म्हणजे डास बाहेरून येतायत म्हणून मी जगाला शिव्या घालत होतो आणि पैदास चालली होती माझ्याच घरात.

तेव्हापासून एक गोष्ट धरून बसलोय, उडणाऱ्या डासामागे पळायचं नाही, तो जन्मतो ती जागा गाठायची, आणि तेही दर आठवड्याला. आठवडाच का, तर उबदार हवेत अंडं, अळी, कोष आणि मग डास हे सगळं साधारण ७ ते १० दिवसांत उरकतं, घरमाशीचंही जवळपास तेवढंच. मधे एकदा मोडलं की पुढची पिढी बाहेरच पडत नाही. महिन्यातनं एकदा दणक्यात साफसफाई केली तर अंगण छान दिसतं, पण डासांच्या तोवर दोन-तीन पिढ्या होऊन जातात.

आधी फेरी मारा

हातात टॉर्च आणि एक पांढरा कप किंवा वाटी, बस. पांढरीच कारण तिच्यात अळ्या लगेच दिसतात. घराला पूर्ण चक्कर मारायची, गोठा, मोरीमागची जागा, छपरावरची पन्हळ, कुंड्यांखालच्या बशा, जुने टायर, फुटके डबे, झाकलेल्या ताडपत्रीच्या खोलगट भागात साचलेलं पाणी, कोंबड्यांची पाण्याची भांडी, सगळं. पाण्यावर आपली सावली पडली की अळ्या बुडी मारून तळाला जातात, म्हणून "काही नाही" म्हणत लगेच पुढे जाऊ नका, एखाद-दोन मिनिटं थांबा, श्वास घ्यायला त्यांना वर यावंच लागतं.

अळी कशी दिसते त्यावरून बरंच कळतं. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडली असेल तर ती अ‍ॅनाफिलीस, मलेरियावाली. डोकं खाली आणि शेपूट वर अशी लटकत असेल तर एडिस किंवा क्युलेक्स. घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात असेल तर बहुतेक एडिस, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा, आणि हा दिवसा चावतो. गटाराच्या घाण पाण्यात असेल तर बहुतेक क्युलेक्स, तो रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. त्यामुळे "आमच्याकडे गटारच नाही मग डेंग्यू कसा" हा प्रश्न चुकीचा आहे, डेंग्यूच्या डासाला गटार लागतच नाही, तुमचा पिण्याचा हौद पुरतो.

पाणी: ओतायचं, घासायचं, वाळवायचं

यातली घासायची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि तिथेच सगळं फसतं. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेच्या जरा वर ओलसर जागी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणजे तुम्ही रांजण नुसता उपडा केलात, आणि पुढच्या वेळी भरलात, की पाणी लागल्या लागल्या अळ्या तयार. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून टाका, त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करून काथ्या किंवा ब्रशने आतून, खास करून वरचा काठ, खरखरून घासायचा, मग उन्हात वाळवायचं. यालाच कोरडा दिवस म्हणतात. काढलेलं पाणी जमिनीवर ओता, दुसऱ्या टाकीत नाही (हसू नका, असं करणारे बघितलेत).

झाकण म्हणजे घट्ट झाकण. अर्धवट सरकलेलं झाकण उघड्या टाकीपेक्षा वाईट, कारण आत सावली आणि गारवा, डासाला आयती सोय. झाकण नसेल तर दाट विणीचं कापड ताणून काठाला दोरीने बांधा.

जे रिकामं करता येत नाही, मोठा हौद किंवा न वापरातली विहीर, त्यात गप्पी मासे सोडा, ते अळ्या खातात. पण नैसर्गिक ओढ्यात, तळ्यात सोडू नका, तिथल्या मूळच्या माशांना ते भारी पडतात. मासे नको असतील तर अळीनाशक. बीटीआय नावाच्या जिवाणूपासून बनवलेलं औषध मिळतं, हा जिवाणू १९७६ मधे इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला, डासांच्या अळ्यांच्या पोटात गेला की त्यांना मारतो, माणसाला आणि जनावरांना त्याचा त्रास होत नाही. टेमेफॉस या रासायनिक अळीनाशकाचे १ टक्केवाले दाणे असतील तर १०० लिटरला १० ग्रॅम हे प्रमाण, अंदाजे मूठभर टाकायचं नाही.

मोरीचं सांडपाणी साचत असेल तर शोषखड्डा करा. साधारण मीटरभर लांब-रुंद आणि तेवढाच खोल, तळाला मोठे दगड, वर मध्यम, मग बारीक. विहीर किंवा बोअरपासून निदान १५ मीटर लांब. चिकट मातीत पाणी हळू मुरतं, तिथे खड्डा मोठा घ्यावा लागतो. ज्या डबक्यातलं पाणी कुणीच वापरत नाही, जनावरंही पीत नाहीत, ते सरळ माती टाकून बुजवा.

संडासची टाकी विसरू नका, मी बरीच वर्षं विसरलो होतो. हवेच्या पाइपच्या तोंडाला जाळी बांधायची, चेंबरच्या झाकणाच्या फटी बुजवायच्या. त्या पाइपची एक गंमत आहे, संडासात अंधार ठेवला तर खड्ड्यातल्या माश्या उजेडाकडे म्हणजे पाइपमधून वर जातात, जाळीला अडकतात आणि तिथेच मरतात. म्हणजे जाळी आत जाणाऱ्या डासाला अडवते आणि बाहेर येणाऱ्या माशीलाही.

माश्या: उकिरड्याकडे बघा

माशी शेणावर बसते, तिथून उठून ताटावर येते, आणि खायच्या आधी अन्नावर ओकते कारण तिला घट्ट काही खाता येत नाही. जुलाब, टायफॉईड, कॉलरा याचं मूळ बऱ्याचदा इथे असतं. एका वेळेला ती शंभरेक अंडी घालते, ताज्या ओलसर शेणात किंवा कुजणाऱ्या कचऱ्यात.

म्हणून शेण रोज उचलायचं आणि पसरून न ठेवता एका जागी घट्ट ढीग करायचा. कुजणारा ढीग आतून चांगलाच तापतो, ५० अंशाच्या वर गेला की अळ्या तग धरत नाहीत, पण त्या हुशार असतात, कडेच्या थंड भागात सरकतात. त्यामुळे आठवड्यातनं एकदा फावड्याने कडेचं शेण मधे आणि मधलं कडेला करायचं, वरून प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबायच्या. ढीग घरापासून आणि विहिरीपासून जितका लांब तितकं बरं. घरात अन्न झाकून ठेवणं आणि उष्टं-खरकटं उघडं न टाकणं हे माहीतच असतं सगळ्यांना, करणारे कमी. चिकट पट्ट्या, गोड पाण्याच्या बाटलीचे सापळे चालतात, पण उकिरडा उघडा ठेवून सापळा लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

भिंती आणि उंदीर

मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्यातले ओलसर कोपरे, तिथे वाळूमाशी राहते. डासापेक्षा खूप लहान, दोन-तीन मिलिमीटर, लांब उडत नाही, टुणटुण उड्या मारत जाते, आणि कालाआजार पसरवते, म्हणजे पाणथरी वाढवणारा, बरेच दिवस रेंगाळणारा ताप. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आत येऊ शकते. भेगा लिंपून घ्या, गोठा कोरडा ठेवा, झोपायची जागा गोठ्याला लागून नको.

उंदरांच्या बाबतीत एक क्रम पाळा. उंदीर मेला की अंग गार पडतं आणि त्याच्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात, ते तुमचं असू शकतं. प्लेग असाच पसरायचा. म्हणून आधी बिळांवर पिसवांची पावडर, मग उंदरांचा बंदोबस्त, आणि मेलेला उंदीर हाताने उचलायचा नाही.

मच्छरदाणी, आणि मग फवारणी

औषध मुरवलेली मच्छरदाणी मिळाली तर तीच घ्या, कडा गादीखाली खोचा, धुवायची कमी आणि वाळवायची सावलीत, ऊन लागलं की औषध उतरतं. भोक पडलं तर त्याच दिवशी शिवा. लहान मुलांना दिवसा झोपवतानाही लावा, एडिस दिवसाच येतो.

धूर फवारणी फक्त त्या वेळी उडत असलेले डास मारते, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, म्हणून वरचं सगळं न करता तिच्यावर पैसे घालू नका. भिंतीवर मारायचं औषध वेगळं, ते प्रशिक्षित माणसाकडूनच मारून घ्यावं आणि नंतर भिंत सारवायची किंवा रंगवायची नाही नाहीतर सगळं झाकलं जातं. शेतातलं कीटकनाशक घरात वापरणं सरळ बंद करा, आणि कुठलंही औषध पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका.

घरात कुणाला थंडी-ताप आला तर रक्त तपासून घ्या, आणि डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाच्या माणसाला दिवसरात्र मच्छरदाणीत ठेवा, कारण त्याला चावलेला डास काही दिवसांनी घरातल्या दुसऱ्याला तोच आजार देतो.