कॉलेज एसेमध्ये धाडस किती करायचं हे कसं ठरवायचं

ऑगस्ट आला की आमच्या नौपाड्याच्या घरी नात्यातलं नाहीतर सोसायटीतलं कोणीतरी बारावीचं पोर लॅपटॉप घेऊन येतंच आणि प्रश्न ठरलेला, मावशी, परदेशातल्या कॉलेजच्या अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायचा तो एसे जरा हटके लिहू का? मी लगेच हो-नाही सांगत नाही, आधी विचारते की हा एसे कुठे कुठे जाणार आहे.

कारण अमेरिकेसाठी कॉमन ॲपचा, म्हणजे एकाच ठिकाणाहून अनेक कॉलेजांना अर्ज करायच्या वेबसाइटचा, मेन एसे जास्तीत जास्त ६५० शब्दांचा असतो आणि तुझी जी कॉलेजं त्या ॲपवर आहेत त्यातल्या बहुतेकांना तोच एक एसे जातो, म्हणजे एका कॉलेजला भावेल म्हणून काहीतरी अचाट केलंस तर बाकीचेही तेच वाचणार. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो स्वतःच चक्रम प्रश्न विचारते आणि त्याचा एसे वेगळा लिहायचा असतो, तर काय उड्या मारायच्या त्या तिथे मार. यूसीवाल्यांना, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ८ पैकी ४ प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत उत्तरं लागतात, तिथे सरळ मुद्द्यावर ये. यूकेचं तर अगदीच वेगळं, २०२६ च्या ॲडमिशनपासून यूकासने, म्हणजे तिथले कॉलेजचे अर्ज घेणाऱ्या संस्थेने, सलग स्टेटमेंट काढून ३ प्रश्न ठेवलेत, हा विषय का आणि त्यासाठी काय केलंस, तिथे प्रयोग नकोच.

आता मेन एसेचं. गेल्या वर्षी एका मुलीने ठाणे-वाशी लोकलच्या अनाउन्समेंटच्या स्टाइलमध्ये एसे लिहिला, पुढील स्टेशन ऐरोली, पुढील स्टेशन रबाळे, प्रत्येक स्टेशनला एक पॅरा. वाचायला मस्त होता पण संपल्यावर मला ट्रान्स-हार्बर लाइन कळली, ती मुलगी कळलीच नाही. मी म्हटलं, अगं तू त्या गाडीत का बसायचीस ते सांग. बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की अकरावीत दोन महिने जेईईच्या क्लासला जातेय सांगून वाशी स्टेशनच्या बाकावर बसून माणसांची स्केचेस काढायचे, घरी कोणालाच माहीत नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला, पण खरा एसे तोच होता.

म्हणून मी दोन धाडसं वेगळी धरते, एक मांडणीचं आणि एक खरं बोलायचं. मांडणीची गंमत काढून टाक आणि साध्या वाक्यात तीच गोष्ट लिहून बघ, काही उरलं तर गंमत ठेव, नाही उरलं तर ती फक्त सजावट होती. खरं बोलण्याचं माप वेगळं. ती गोष्ट अजून ओली असेल, सांगताना रडू येत असेल, तर यंदा राहू दे, काही बिघडत नाही. आणि पुढे काय झालं त्याला चुकीपेक्षा जास्त जागा दे. दोन महिने खोटं बोलल्याचं तिने चार ओळीत आटपलं, बाबांना वही दाखवली ती संध्याकाळ मात्र सविस्तर लिहिली. स्टेशनांपैकी फक्त वाशी ठेवलं. आणि हो, घरातल्या दुसऱ्या कोणाची गोष्ट त्यात येत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय लिहू नकोस, हे मी फार कडकपणे सांगते.

मग तो एसे दोघांना दे. एक तुला लहानपणापासून ओळखणारा, त्याला विचार हा मीच वाटतो का. दुसरा अजिबात न ओळखणारा, त्याला दुसऱ्या दिवशी फोन करून विचार काय लक्षात राहिलं. त्याला नुसती आयडिया आठवली आणि तू मात्र आठवला नाहीस किंवा आठवली नाहीस, तर धाडस जास्त झालंय. काहीच आठवलं नाही तर कमी पडलंय.

१ नोव्हेंबरची अर्ली, म्हणजे लवकर अर्ज करायची, डेडलाइन असेल तर गणपतीच्या आधी दोन ड्राफ्ट कर, एक मनाला येईल तसा बिनधास्त आणि एक साधा, विसर्जनापर्यंत दोन्हीकडे बघू नकोस, मग मोठ्याने वाच आणि जिथे आवाज अडखळेल तिथे पेन्सिलने खूण कर.