देवाला दिलेला शब्द रोजच्या धबडग्यात पाळायचा कसा

31 डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये वॉच नाईटला, म्हणजे वर्ष बदलतानाच्या उपासनेला, आपण सगळेच भरल्या डोळ्यांनी प्रभूला सांगतो की या वर्षी रोज पहाटे उठीन, पूर्ण बायबल वाचीन, दशांश म्हणजे कमाईचा दहावा भाग द्यायला चुकणार नाही, आणि जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपेपर्यंत त्यातलं अर्धं निसटलेलं असतं. माझं कितीतरी वर्षं असंच व्हायचं, मला वाटायचं आपला विश्वासच कच्चा. पण खरं म्हणजे जे कबूल करत होते त्याला दिवसात जागाच केलेली नव्हती.

म्हणून बोलायच्या आधी हिशोब करा. बायबलचे 1189 अध्याय आहेत, वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार होतात, आणि नवीन वाचणारा माणूस नियमांनी भरलेलं लेवीय पुस्तक आलं की तिथंच थांबतो. त्यापेक्षा बायबलचा दुसरा भाग, नवा करार घ्या, 260 अध्याय, सोमवार ते शुक्रवार रोज एक धरला तर 52 आठवड्यांत बरोबर संपतो आणि शनिवार-रविवार राहिलेलं वाचायला मोकळे. कमी कबूल केलं म्हणून देव रागवत नाही, बायबलमधल्या उपदेशक पुस्तकाच्या 5व्या अध्यायात उलट सांगितलंय की नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा.

आता वेळ. माझं ठाम मत आहे, घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, कधी रात्री दोनला तर कधी पहाटे पाचला, मी पाचची प्रार्थना ठरवलेली आणि पाण्याच्या दिवशी पाचला मी हंडे, बादल्या, टाकी, पाईप यातच असायचे, एक दिवस चुकला की दुसराही जायचा. मग ठरवलं की चहाचं आधण ठेवलं की बसायचं, मोबाईल नंतर. आणि पाण्याच्या दिवसासाठी वेगळं ठेवलंय, स्तोत्र 117, दोनच वचनं, ओट्याच्या वर चिकटवलंय, कागदाला तेलाचे डाग पडलेत पण अक्षरं दिसतात, भरता भरता म्हणते. तो दिवस मी चुकलेला धरत नाही. तुमचं पाण्याचं नसेल, कुणाची नाईट शिफ्ट असेल, कुणाच्या घरी आजारी माणूस असेल, तर अशा दिवसासाठी छोटं काहीतरी आधीच ठरवून ठेवा.

दशांशाचं सोपं आहे, पगार हातात आला की पहिलं पाकीट तेच, उरलेल्यातून काढू म्हटलं की उरतच नाही. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात हेच सांगितलं, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकानं बाजूला काढून ठेवावं (1 करिंथ 16:2), मग यंत्रमागावरच्या, विड्या वळणाऱ्या घरात आठवड्याच्या पगारातूनही होतं ते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, उपवास धरणार असाल तर आपल्याकडचं ऊन बघून धरा, शुगरची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, जेवणाऐवजी टीव्ही किंवा मोबाईल सोडला तरी चालतं. आणि भावनेच्या भरात असं काही बोलून बसलात की ज्यात दुसऱ्याचंच नुकसान आहे, तर नवसापायी स्वतःच्या मुलीचा बळी देणाऱ्या इफ्ताहासारखं हट्टानं रेटू नका (शास्ते 11), चर्चच्या पाळकसाहेबांकडे जाऊन मोकळं बोला.

चुकलं तर? साठलेलं कर्जासारखं डोक्यावर घेऊ नका, दहा दिवसांचे दहा अध्याय एका रात्रीत वाचायला बसलं की अकराव्या दिवशी पुस्तक बंदच होतं. आजचा अध्याय आज वाचा. शिष्य पेत्रानं येशूला ओळखत नाही असं तीनदा म्हटलं तरी योहान 21 मध्ये प्रभूनं त्याला मागचा जाब विचारला नाही, माझ्यावर प्रीती करतोस का एवढंच तीनदा विचारलं आणि आपली मेंढरं, म्हणजे आपली माणसं, सोपवली. हे वाचून मी खूप रडले होते एकदा.

आणि एक शब्द आपण सगळ्यात जास्त मोडतो, तो म्हणजे "तुमच्यासाठी प्रार्थना करते हं". उपासना सुटल्यावर चर्चच्या दारात, चपला घालता घालता म्हणतो आणि रिक्षात बसेपर्यंत विसरतो, आणि ती माऊली मात्र घरी जाऊन त्यावर भरवसा ठेवून असते. आमच्या गल्लीतल्या एका आक्कांकडून मी शिकले, त्या नंतरवर ठेवतच नाहीत, तिथंच हात धरतात, डोळे मिटून दोन वाक्यं प्रभूशी बोलतात, मग पर्समधली छोटी वही काढून नाव लिहितात, आणि पुढच्या रविवारी आठवणीनं विचारतात, "पोराचा ताप उतरला का गं?"