जुन्या गाडीत एसीचे होज मापाने बनवून बसवताना

जुन्या गाडीच्या पुनर्बांधणीत एसी बसवायचा म्हटले की सारे लक्ष कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा पंप) आणि इव्हॅपोरेटर (हवा थंड करणारी जाळी) यांकडे जाते आणि होज, म्हणजे गॅस वाहून नेणाऱ्या लवचिक नळ्या, हे शेवटी उरकायचे किरकोळ काम समजले जाते. प्रत्यक्षात गॅस गळतो तो बहुधा होजच्या टोकांशी आणि सांध्यांशीच, आणि उघड्या बॉनेटखाली नजरेत भरतात तेही होजच. ज्या गाडीत मुळात एसी नव्हता, तिच्यात कॉम्प्रेसर कोठे बसेल हे प्रत्येकाने आपापल्या ब्रॅकेटनुसार ठरवलेले असते. त्यामुळे तयार लांबीचे होज अशा गाडीत नीट बसतीलच याची खात्री नसते. होजचे माप गाडीवरच घ्यावे लागते, आणि तेही बाकी सर्व भाग आपापल्या अंतिम जागी बसल्यानंतरच.

इंजिन त्याच्या रबरी माउंटिंगवर हवे, कंडेन्सर (गरम गॅस थंड करून द्रव करणारी जाळी), रेडिएटर व पंखा बसवलेले हवेत, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, बॅटरीचा ट्रे आणि वायपरची मोटर जागेवर हवी. कॉम्प्रेसरचा बेल्ट तर पूर्ण ताणलेलाच असला पाहिजे, कारण अनेक ब्रॅकेटमध्ये बेल्ट ताणताना कॉम्प्रेसर बाजूला सरकतो आणि सैल बेल्टवर घेतलेले माप तेवढ्यानेच चुकते.

होज निवडताना गॅस कोणता भरणार हे आधी ठरवावे. जुन्या गाड्यांमधील आर-12 हा गॅस ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि 1990 च्या दशकात त्याची जागा आर-134ए ने घेतली. या नव्या गॅसचे रेणू लहान असल्याने तो जुन्या पद्धतीच्या साध्या रबरी होजच्या भिंतीतून हळूहळू झिरपतो. म्हणून आतून नायलॉनचा थर असलेला बॅरियर होजच घ्यावा. जुना होज बाहेरून कितीही चांगला दिसला तरी तो पुन्हा वापरू नये. गाडीत आधीचा गॅस शिल्लक असेल, तर तो हवेत न सोडता गॅस परत गोळा करणाऱ्या यंत्राने काढून घ्यावा.

मापे क्रमांकांनी ओळखली जातात. कंडेन्सरपासून रिसीव्हर-ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) मार्गे एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारी झडप) पर्यंत द्रवरूप गॅस नेणारा होज साधारणपणे 6 क्रमांकाचा, म्हणजे आतून 5/16 इंचाचा असतो. कॉम्प्रेसरपासून कंडेन्सरकडे जाणारा 8 क्रमांकाचा, म्हणजे 13/32 इंचाचा. आणि इव्हॅपोरेटरकडून कॉम्प्रेसरकडे परतणारा 10 क्रमांकाचा, म्हणजे 1/2 इंचाचा. परतीचा होज सर्वांत जाड असतो, कारण त्यातून कमी दाबाची, पसरलेली वाफ वाहते. मूळ जोडण्या फ्लेअर पद्धतीच्या (शंकूसारख्या पसरट तोंडाच्या) आहेत की ओ-रिंगच्या (रबरी कड्याच्या), हेही पाहून घ्यावे. दोन्ही एकमेकींशी जुळत नाहीत आणि आटे बसल्यासारखे वाटले तरी सांधा गळतोच.

यानंतर मार्ग आखावा. जाड तार किंवा हीटरच्या जुन्या होजचा तुकडा घेऊन प्रत्येक वाट प्रत्यक्ष वळवून पाहावी. एक्झॉस्टपासून होज दूर ठेवावा आणि ते शक्य नसेल तेथे त्यावर उष्णतारोधक आवरण चढवावे. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यातून, जाताना ग्रॉमेट (छिद्राच्या कडेला बसवायचे रबरी कडे) लागतेच, कारण पत्र्याची उघडी कड काही महिन्यांत होज कापू शकते. कंडेन्सर बॉडीला घट्ट असतो आणि कॉम्प्रेसर इंजिनाबरोबर हलतो, त्यामुळे या दोघांमधील होजला थोडी ढील द्यावी, ताणून बसवू नये. बॉनेट कोठे टेकते हे पाहायला होजच्या सर्वांत उंच जागी मऊ मातीचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच मिटावे. गोळा किती चेपला यावरून मोकळी जागा नेमकी कळते.

आता खरे कौशल्याचे काम येते. होज करवतीने न कापता होज कटरने काटकोनात कापावा, कारण करवतीचा भुसा आत राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात जाऊन अडकू शकतो. फेरूल (होजच्या टोकावरची धातूची टोपी) आणि फिटिंग (जोडणीचा धातूचा तुकडा) होजच्या टोकांत बसवावे, पण क्रिंप करू नये, म्हणजे फेरूल यंत्राने दाबून पक्के करू नये. तसाच होज गाडीवर नेऊन दोन्ही टोके हाताने आवळावीत, होजला त्याचे नैसर्गिक वळण घेऊ द्यावे आणि फिटिंगचा कोन मनासारखा होईपर्यंत फिरवावा. होजवर छापलेली सरळ रेघ येथे उपयोगी पडते, कारण ती पीळ घेताना दिसली तर होज मुरगळलेला आहे. असा होज दाब येताच सरळ होऊ पाहतो आणि सांध्यावर जोर टाकतो. कोन जमला की होज, फेरूल आणि फिटिंग या तिन्हींवरून होजच्या लांबीच्या दिशेने जाणारी एक न तुटणारी रेघ रंगाच्या पेनाने ओढावी, होजला क्रमांकाची चिठ्ठी बांधावी आणि मगच तो काढावा. क्रिंप करताना या खुणा जुळलेल्या हव्यात आणि फेरूलच्या छिद्रातून होजचे टोक दिसले पाहिजे. ते दिसत नसेल, तर होज पूर्ण आत गेलेला नाही. बॅरियर होजवर साधी काटेरी फिटिंग आणि स्क्रूचा क्लॅम्प लावण्याचा मोह टाळावा, कारण असे काटे आतला नायलॉनचा थर चिरतात. क्रिंपिंगचे यंत्र जवळ नसेल, तर खुणा केलेले होज ते यंत्र असलेल्या कारागिराकडे न्यावेत.

अंतिम जोडणीत प्रत्येक ओ-रिंग नवी आणि आर-134ए ला चालणारी घ्यावी. अशा ओ-रिंग बहुधा हिरव्या असतात, पण केवळ रंगावर विसंबू नये. तिला कॉम्प्रेसरला चालणाऱ्या तेलाचा हात लावावा आणि दोन पाने वापरून आवळावे, एकाने फिटिंग धरून दुसऱ्याने नट फिरवावा, नाहीतर कंडेन्सरची ॲल्युमिनियमची नळी पिळवटते. ड्रायरची टोपणे अगदी शेवटी काढावीत, कारण तो हवेतील ओलावा लगेच शोषतो.

गॅस भरण्यापूर्वी रेग्युलेटर लावून कोरडा नायट्रोजन सुमारे 100 ते 150 पीएसआय दाबाने भरावा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहावे. टायरमध्ये हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची साधी हवा ओलावा आणते, आणि ऑक्सिजनचा तेलाशी संपर्क आला तर स्फोट होऊ शकतो, म्हणून या दोन्हींचा विचारही करू नये. गळती नसल्यास नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम पंप किमान 45 मिनिटे चालवावा, मग पंप बंद करून गेजचा काटा अर्धा तास स्थिर राहतो का ते पाहावे. गाडी काही दिवस चालल्यावर, इंजिन गरम असताना, होज कोठे घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात का हे तपासावे आणि तेथे रबर लावलेला क्लॅम्प बसवावा.