व्यायामाला मन लागत नाही? मग दुधाच्या कॅलेंडरपासून सुरुवात करा

दिवाळी झाली, जरा थंडी पडली की आमच्या जळगावात मेहरूण तलावावर सकाळची गर्दी वाढते. नवे बूट, नवे ट्रॅकसूट, ग्रुप करून आलेली पोरं. आणि संक्रांत गेली की त्यातली निम्मी माणसं दिसत नाहीत. मी सलग चार वर्षं त्या न दिसणाऱ्यांत होतो, आता तीन वर्षं झाली नेमाने चालतोय, आणि ज्यांना मनापासून सुरू करायचंय पण सुरूच होत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण मला तेव्हा कोणी नीट बसून हे सांगितलं असतं तर ती चार वर्षं वाचली असती.

माझं काम हिशोबाचं, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. आबांना वीस वर्षांपासून शुगर आहे, त्यांचं इन्सुलिन मीच देतो, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर एकदा स्वतःचीही तपासणी करून घेतली तर एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा, ६.२ आलं. ५.७ ते ६.४ च्या मधला आकडा म्हणजे अजून डायबेटीस नाही पण उंबरठ्यावर उभे आहात असं डॉक्टरांनी समजावलं. एवढी भीती बसली की दुसऱ्याच दिवशीपासून रोज एक तास चालायला लागलो. नऊ दिवस चाललो. दहाव्या दिवशी रात्री एका लग्नाहून उशिरा आलो, सकाळी जाग आली नाही, आणि मग राहूनच गेलं. आता विचार करा, जिवाची भीती होती तरी नऊच दिवस टिकलं, मग "फिट दिसायचंय" वगैरे किती टिकणार. भीतीने, लाजेने, कोणाच्या टोमण्याने जोर येतो हे खरं आहे पण तो आठ-दहा दिवसांचा असतो, त्या आठ-दहा दिवसांत बाकीची सोय लावून घेतली तर पुढे चालतं, नाहीतर नाही. ही सोय कशी लावायची तेच खाली सांगतोय.

पहिलं म्हणजे मन लागायची वाट पाहणं बंद करा. स्वतःकडे नीट लक्ष देऊन बघा, चालून परत आल्यावर "उगाच गेलो" असं वाटलंय का कधी? मला तर एकदाही नाही. जड जातात ती फक्त घराबाहेर पडायच्या आधीची पाच मिनिटं. कोपऱ्यापर्यंत पोचलं की मन आपोआप मागून येतं. म्हणून सगळी मेहनत त्या पाच मिनिटांवर घ्यायची, तासभराच्या व्यायामाची चिंता आत्ता करायचीच नाही.

त्यासाठी सुरुवात इतकी छोटी ठेवा की नाही म्हणायला कारणच सापडू नये. दहा मिनिटं. पाच मिनिटं एका दिशेला जायचं, वळायचं, पाच मिनिटांत घरी. पहिले दोन आठवडे जास्त चालावंसं वाटलं तरी वळायचंच, हे अवघड आहे कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगात जोर येतो आणि माणूस चार किलोमीटर करून येतो आणि मग पाय धरतात आणि दोन दिवस सुट्टी आणि तिथून सगळं बिघडतं. तलावावर एक आप्पा यायचे, सत्तरीचे, रेल्वेतून रिटायर झालेले. मी एकदा उत्साहात त्यांना सांगितलं की आज इतके राउंड झाले, तर म्हणाले, "भाऊ, किती चालले ते नका सांगू मला, उद्या येनार का ते सांगा." मी त्या दिवसापासून राउंड मोजणं बंद केलं.

आणि दहा मिनिटांनी काय होणार असं म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा मोठ्या माणसांसाठीचा सल्ला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे, म्हणजे रोजची साधारण २० मिनिटं आली तरी खालचा आकडा जवळपास गाठतो. पूर्वी त्यांचं म्हणणं होतं की सलग किमान १० मिनिटं तरी पाहिजेत, २०२० मध्ये ती अटही काढून टाकली, आता तीन मिनिटं जिने चढलात तरी ती हिशोबात धरतात. मध्यम म्हणजे काय हे ओळखायची सोपी खूण, चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. दम लागून बोलताच येत नसेल तर वेग कमी करा.

आता वेळ. "उद्यापासून सकाळी जाईन" हे ठरवणं म्हणजे काहीच ठरवलं नाही. रोज न चुकता होणारी एखादी गोष्ट पकडा आणि तिच्या शेपटीला व्यायाम बांधा. माझ्याकडे ती गोष्ट म्हणजे दूध. पावणेसहाला दूधवाले दादा येतात, दूध घेतलं, गॅसवर ठेवायला घरात दिलं की मी आत बसतच नाही, बूट दारातच असतात. कोणाचं पूजेनंतर असेल, कोणाचं मुलांना स्कूल रिक्षात बसवल्यावर, दुकानदार माणसाचं शटर उघडायच्या आधी. माझ्या मिसेसचं रात्रीच्या जेवणानंतर आहे, ओटा आवरला की ती आणि शेजारच्या दोन वहिनी कॉलनीत वीस मिनिटं चालतात. जेवणानंतर चालणं शुगरच्या दृष्टीने तर फारच चांगलं, कारण चालताना पायाचे मोठे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सुरुवातीला साडीवर स्पोर्ट्स बूट घालायला त्यांना संकोच वाटायचा, लोक बघतात म्हणून. बघितलंच लोकांनी, पंधरा दिवस बघितलं, मग सवय झाली त्यांनाही. आणि आता त्या कॉलनीत पाच-सहा जणी निघतात.

सोबत हा तर मी सगळ्यात मोठा उपाय मानतो. आपण स्वतःला दिलेला शब्द सहज मोडतो पण कोपऱ्यावर कोणी थंडीत उभं आहे हे माहीत असलं की पाय निघतातच. सोबतीचा माणूस तुमच्याइतकाच नवा असलेला बरा, फार पुढे गेलेला धावणारा घेतला तर त्याच्यामागे फरफट होते. मूळच्या धुळ्याकडच्या एका मित्राला मी तयार केला, तो पहिले आठ दिवस रोज सकाळी विचारायचा, "कथा जाई राह्यना भो इतला अंधारामा?" म्हणजे कुठे चाललाय एवढ्या अंधारात, आणि तरी यायचा. आता मी नसलो तरी तो जातो.

कॅलेंडरची गोष्ट राहिलीच. आपल्या घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहिलेले असतात ना, त्याच चौकटीत मी चाललेल्या दिवशी पेनाने एक टिंब देतो. कुठलं ॲप नाही, घड्याळ नाही. रोज चहा घेताना समोर दिसतं, घरच्यांनाही दिसतं, पोरगी विचारते "पप्पा, काल टिंब नाही दिलं". वजन मात्र पहिले दोन महिने बघू नका, अगदी काटाच उचलून ठेवा. नुसत्या चालण्याने वजन हळू उतरतं, आणि मेहनत करून काटा हलला नाही की मन मोडतं. त्याऐवजी झोप कशी लागते, दोन जिने चढल्यावर दम किती लागतो, दुपारी डोळे किती जड होतात हे बघा, हे फरक आधी दिसतात.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळीकडे ऐकायला मिळतं, त्यावर विसंबू नका, बाविसाव्या दिवशी आपोआप झालं नाही की वाटतं आपल्यातच खोट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर यावर अभ्यास झाला होता, रोज ठरलेल्या वेळेला एक नवी गोष्ट करायची आणि ती किती दिवसांत अंगवळणी पडते ते बघायचं. सरासरी ६६ दिवस आले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ एवढा फरक होता, आणि व्यायामासारख्या गोष्टींना पाणी प्यायच्या सवयीपेक्षा जास्त वेळ लागला. त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट ही की मधे एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. म्हणून खाडा पडला तर पडू द्या. लग्नसराई आहे, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आहे, श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी बसली की रोट संपेपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, डिसेंबरात कोणाच्या मळ्यात भरीत-पुरीचा बेत असतोच आणि तो सोडायचाही नाही. माझा नियम एकच, लागोपाठ दोन खाडे नाहीत. दुसऱ्या दिवशी ताप नसेल तर निदान गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचं आणि टिंब द्यायचं.

आपल्याकडे हवामानाचा विचार केल्याशिवाय वर्षभराचा नेम टिकत नाही, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून कळणार नाही. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा सातनंतर चालणं बंदच ठेवा. साडेपाचला निघा, सहा-सव्वासहाला घरात. रात्री उशिरापर्यंत रस्ते तापलेले असतात म्हणून संध्याकाळ त्या दोन महिन्यांत मला जमत नाही. निघताना पाणी पिऊन निघा, डोक्याला रुमाल बांधा, आल्यावर ताक घ्या. चक्कर, मळमळ, डोकं ठणकणं यातलं काही वाटलं तर तिथेच सावलीत बसा, राउंड पूर्ण करायच्या भानगडीत पडू नका. जानेवारीत उलटं, सूर्यच सातनंतर उगवतो, तेव्हा वेळ अर्धा तास पुढे ढकला आणि भांडण मिटवा. आणि पावसाळा, खेड्यात राहणाऱ्यांना माहीतच आहे, काळी माती अशी चिकटते की एकेका बुटाला किलोभर लोंदा लागतो. त्या दिवसांसाठी घरातला पर्याय आधीच ठरवून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. माझा पर्याय असा, दहा मिनिटं जिना चढ-उतार, किंवा पाच सूर्यनमस्कार, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, आणि भिंतीला हात टेकून दहा जोर. हे आठवड्यातून दोन दिवस एरवीही करा, ताकदीचा व्यायाम दोन दिवस हवाच असं आरोग्य संघटनेच्या त्याच सल्ल्यात आहे, आणि पन्नाशीनंतर जमिनीवरून उठताना त्याची किंमत कळते.

खेड्यातली माणसं म्हणतात आम्ही शेतात राबतो, आम्हाला कशाला व्यायाम. केळीचे घड वाहणाऱ्या किंवा दिवसभर कापूस वेचणाऱ्या माणसाला मी चालायला जा असं सांगणारच नाही, त्याचं अंगमेहनतीचं काम पूर्ण धरलं जातं, त्याला विश्रांती हवी. पण यावल तालुक्यातल्या माझ्या मावसभावाचं बघा, पूर्वी रात्री लाईट आली की मोटार सुरू करायला बांधाबांधाने चालत जायचा. आता मळ्यात ड्रिप, मोबाईल स्टार्टरवर मोटार घरून सुरू होते, नांगरटी ट्रॅक्टरने, आणि मळ्यापर्यंत मोटरसायकल. शेतकरीच आहे पण शरीराचं काम माझ्याइतकंच उरलंय. त्याने एवढंच केलं, गाडी रस्त्याला लावून आतलं अंतर पायी जातो, रोज दोनदा. १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला होता. पगार जवळपास सारखा, बस तीच. मी ते वाचलं तेव्हा खुर्ची मागे सरकवून उठलोच आणि आता दर तासाला एकदा उठतो.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. चालताना छातीत दाब येत असेल, दुखणं हाताकडे-जबड्याकडे जात असेल, बीपी वाढलेलं असेल, गुडघे किंवा हृदयाचा आधीचा त्रास असेल तर पहिल्यांदा डॉक्टरांना दाखवा. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी जास्त चालल्यावर शुगर एकदम खाली येऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात, म्हणून खिशात साखर किंवा चघळायच्या गोड गोळ्या-बिस्किटं ठेवाच. आबांच्या खिशात मी रोज टाकतो.

माझं एचबीएवनसी वर्षभराने ५.८ आलं. खाण्यातही थोडा बदल केला होता, रात्रीचा भात कमी केला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी सुरू केली, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देत नाही.

आता तुमचं काम, आणि ते सकाळचं नाही, आज रात्रीचं आहे. बूट शोधून दाराशी ठेवा, मोजे त्यातच. नवे घ्यायची गरज नाही, टाच न चावणारे असले की पुरे. पाण्याची बाटली भरून ठेवा. कॅलेंडरला दोरीने पेन बांधा. आणि झोपायच्या आधी एकाच माणसाला मेसेज टाका, जो खरंच येईल असा, "उद्या पावणेसहा, दूध डेअरीच्या कोपऱ्यावर, फक्त दहा मिनिटं".